लोडशीट

पहिला प्रश्न माझा ठरलेला:
लाइट गेल्यावर काय काय चालू राहायला हवं?
लोक म्हणतात, सगळंच.
सगळ्याला पंधरा केव्हीए लागतं, मी सांगतो, आणि आकडा सांगतो.
मग माणसं खोल्याखोल्यांतून हिंडतात,
एकेक दिवा मनातल्या मनात बंद करत.

चेंबूरला टिपणिसांकडे गेलो तो मंगळवार.
बैठा बंगला, दोन्ही अंगांना टॉवर,
अंगणात दुपारी दोनलाच संध्याकाळ.
आत पद्माकरराव, नाकात नळी,
कॉटशेजारी प्राणवायूचं मशीन, साडेतीनशे वॅट, अखंड.
ते न विचारताच पहिल्या ओळीत लिहिलं.

मुलगा फोनवर, सिडनीहून:
"चांगल्यातलं घ्या, पैशाकडे बघू नका."
हेमलताबाई पैशाकडेच बघत होत्या.
तीस वर्षं सहकारी बँकेत रोखपाल.
म्हणाल्या, तोंडी नको, एकेक ओळ वाचा.

वाचलं.
साडेसातचा सायलेंट सेट, दोन पंचेचाळीस.
आपोआप बदलणारं पॅनेल, अडतीस हजार.
केबल अकरा, चौथरा चौदा,
अर्थिंगचे दोन खड्डे, कोळसा-मिठासकट, बारा.
मजुरी पंधरा. वर जीएसटी.
तीन लाख पंच्याण्णव हजार तीनशे.

"मुंबईत लाइट जाते कितीदा हो?"
वर्षातून दोनदा. अर्धा-अर्धा तास, फार तर.
"म्हणजे तासाला चार लाख."
बावीस वर्षं हा धंदा करतोय,
असा भागाकार कुणी केला नव्हता.

मग त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या.
मे महिन्यात गेली होती, पहाटे तीनला.
मशीन ओरडायला लागलं.
सिलिंडरची चावी फिरेना, टॉर्च दातांत धरलेला.
चाळीस मिनिटं ह्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले.
"त्याचा उपयोग काही नसतो म्हणा."

फ्रिज? "नको. दूध नासलं तर नासलं."
एसी? त्या नुसत्या हसल्या.
आतून आवाज आला, तुटत तुटत,
"टीव्ही... लिहा. मॅच... असली... म्हणजे?"
"काही लिहू नका," बाई म्हणाल्या.
मी पेन्सिलीने लिहिला.

साडेसात कशाला मग, पाच पुरेल की, असं त्यांनीच काढलं.
मी पंपाकडे बोट दाखवलं.
मोटर सुरू होताना तिप्पट ओढते,
मग आयुष्यभर गुमान चालते.
पैसे आपण त्या पहिल्या दोन सेकंदांचे भरतो.
"पंप खोडा," म्हणाल्या. "बादल्या भरून ठेवीन."
तरी साडेसातच ठेवला. मुलाने ठेवायला लावला.

जागेचा घोळ झाला.
मागच्या भिंतीला लावावं तर धूर थेट त्यांच्या खिडकीत.
पुढे फाटकापाशी आणावं तर केबल वाढते,
आणि कढीपत्ता आड येतो. माणसाच्या दीडपट उंच.
"ह्याचे किती धरलेत?"
तोडायची मजुरी आतच आहे, म्हणालो.
"तोडायचे नाही विचारलं."
मी कागद उगाच उलटापालटा केला.

सही करताना थांबल्या.
लाइट गेली आणि हे सुरू झालं, ह्यामध्ये किती वेळ?
दहा सेकंद.
"ते दहा सेकंद?"
ते राहतातच. त्यांना मशीन नाही.
अजून सत्तर हजारांचा वेगळा इन्व्हर्टर बसवला तर...
"राहू दे. तेवढं मी बघते."

वरचे पाच हजार तीनशे मी सोडले.
बाहेर इरफान गाडीला किक मारत बडबडला,
साहेब, असे सोडत राहिलात तर आपणच अंधारात.
मग विचारलं, झाड तोडायचंच आहे तर पानं आपण न्यायची का?

शनिवारी गोणभर आणली.
निम्मी त्याच्या घरी, निम्मी माझ्या.
पंधरा दिवस आमच्या आमटीला
चेंबूरच्या अंगणाचा वास होता.
बायको म्हणाली, कितीला मिळाला एवढा?
मी म्हटलं, अजून बिल आलेलं नाही.