दोन अंश कमी

रुचिता घरत. वय चौदा, उंची चार फूट दहा.
वडील खारघरच्या गोल्फ मैदानावर गवत कापतात.
कुणी मेंबर दुबईला जाताना
जुन्या काठ्यांची पिशवी त्यांच्याकडे ठेवून गेला.
सहा फुटी माणसाच्या काठ्या.

त्या आता माझ्या गॅलरीत,
कोपरखैरणे, दुसरा मजला,
कारण माझ्याकडे व्हाइस आहे.
रबाळ्याची कंपनी बंद झाली तेव्हा
बाकीच्यांनी हिशेबाचे कागद नेले,
मी भंगाराच्या भावात व्हाइस उचलला
आणि एक कोनमापक. त्याच्या पेटीवर अजून
आमच्या टूलरूमचा नंबर आहे.

गोल्फ मला कळत नाही.
कोन कळतो.

पोरीला म्हटलं, उभी राहा सरळ, हात सोड.
मनगटापासून फरशीपर्यंत टेप लावला.
दांडे आधीच दीड-दोन इंच कापले होते,
तरी सात नंबर जमिनीवर टेकवला की
चवडा हवेत, टाच खाली,
नव्या चपलेत पाय कुठे टाकावा कळेना तसा.
तळाला चिकटपट्टी लावून
प्लायवूडवर मारायला लावलं.
खूण उमटली टाचेशी.
"म्हणून माझा डावीकडे जातो," ती म्हणाली.
मी म्हटलं, तुझा नाही, हिचा.

जबड्यांत तांब्याचा पत्रा. ओरखडा नको.
आधी स्क्रूड्रायव्हरने हलकेच टिचकी.
घडीव लोखंड लांब बोलतं,
ओतीव बोलतं आणि गप्प होतं.
हे माझ्या उस्तादाने शिकवलं, त्याला
दोन्ही कानांनी कमीच ऐकू यायचं.
मग पाइपाचा दांडा मानेत अडकवून
श्वास सोडता सोडता
भार.
झटका नाही. भार.
पाऊण अंश. परत मोज.
अर्धा अंश. परत मोज.
लोखंड थोडं मागे येतंच,
तेवढं धरून चालावं लागतं.

उचलीची वेगळी गंमत. सात नंबर तेहेतीस,
आठ नंबर चौतीस. जुळे भाऊ, वेगवेगळ्या नावांचे.
आठाला तीन अंश मागे झुकवलं.
रात्री साडेदहापर्यंत सहा काठ्या झाल्या.

नऊ नंबर दुसऱ्याच कुठल्या संचातला.
टिचकी मारली, गप्प झाला.
तरी मी भार दिला.
हाताला वाटलं, आता येतोय.
टक्.
मानेवर केसाएवढी रेघ.
पोरगी काही बोलली नाही. मीही नाही.
तीस वर्षांत किती वेळा,
पण कुणाच्या पोरीसमोर नाही.

ही आतून सगळं बघत होती.
हातात कणीक, दारात उभी.
"तिच्या उंचीची काठी करताय."
"हो."
"काठीचं बरंय."

मी वळून बघितलं तर ती
परत ओट्याशी.
बिल्डरचा ओटा, सगळ्या मजल्यांना एकच माप.
अठ्ठावीस वर्षं पोळी लाटताना
तिचे खांदे कानांपर्यंत चढलेले,
टाचा जमिनीपासून सुटलेल्या.
चवड्यावर.
घरात कोनमापक असलेला माणूस मी.

पोरगी पिशवी घेऊन गेली,
नऊ नंबर सोडून.
मी टेप घेऊन आत गेलो.
"हात सोड," म्हटलं.
"पीठ आहे हाताला."
"असू दे."
मनगटापासून फरशी, कोपरापासून फरशी,
ओटा साडेतीन इंच वर.
ओटा वाकत नाही, ओतीव आहे.

गॅलरीत सागाची जुनी फळी होती,
मशीनच्या पेटीची, एका अंगावर उडालेलं स्टेन्सिल.
रात्रीच कापली. खालच्या मजल्यावरच्यांनी
छताला काठी आपटली.
चार पाय, खाली रबर, घसरू नये म्हणून.

सकाळी ती त्यावर चढली, लाटणं घेतलं,
एक पोळी लाटली, दुसरी लाटली.
"डगडगतंय," म्हणाली.

डावा मागचा पाय. दीड मिलीमीटर.
कानस शोधतोय.