चौदा घरं

पहिल्या ॲपमध्ये सोळाच घरं होती.
आडाचौताल चौदाचा असतो, मी म्हटलं,
शेवटची दोन रिकामी सोडली
तर प्रत्येक फेरीला ते तेवढा वेळ थांबायचं,
पाहुणे गेल्यावरही
दारात उभ्या राहिलेल्या माणसासारखं.

दुसऱ्यात चौदा जमली,
पण ते उघडायचं फक्त हुमैराच्या टॅबवर.
ओजसच्या फोनवर नुसतं गोल गोल फिरत राहिलं.
मुरैन्याच्या मोनूकडे तर आईचा फोन,
आधीच लग्नाच्या फोटोंनी भरलेला.
"दीदी, एवढं मोठं घ्यायचं तर
कोणत्या मावशीला काढू?"
असं त्याने खरोखर विचारलं.

तिसरं सगळीकडे चाललं,
सात दिवस.
आठव्या दिवशी पैसे मागितले, डॉलरमध्ये.

जानेवारी. दौलतगंजात धुकं जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत.
तबले हीटरसमोर ओळीने बसलेले,
ताप आलेल्या पोरांसारखे.
दिघेकाका मफलर न सोडता पेटीला बसले.
एकतीस वर्षं या खोलीत त्यांनी लहरा धरला,
आम्ही कायदे मोडले, तिहाया चुकवल्या, रडलो,
लहरा आपला चालूच, चंद्रकंस,
वाजवता वाजवता मटार सोललेल्या बायकोशी
भाजीचा हिशेबही करून झाला.
आता उजवं अनामिक बोट उठत नाही.
तरी एक आवर्तन दिलं त्यांनी.
दोनदा दिलं. दुसरं मी ठेवलं.

रात्री बसून कापलं, टोकाला टोक लावलं.
भात्याचा श्वास बरोबर जोडावर आला,
दर फेरीला उचकी.
कापलेला तुकडा पुन्हा शोधला,
मांजराच्या केसाएवढा, परत चिकटवला.

मग ते बटण दिसलं, सगळं सरळ करणारं.
दाबलं. चौदाही मात्रा आपापल्या रेघेवर,
कवायतीच्या मैदानात असाव्यात तशा.
सकाळी काकांना ऐकवलं.
पूर्ण आवर्तन ऐकून ते म्हणाले,
"छान आहे. कोण वाजवतंय?"

बटण परत उलटं फिरवलं.
तेव्हा पडद्यावर दिसलं:
नववी मात्रा रेघेच्या जरा पुढे उभी,
काका तिथे केसभर उशिरा.
आणि माझी जुनी रेकॉर्डिंगं काढली,
ओजसची, हुमैराची काढली,
आम्ही सगळेच नवव्याला उशिरा.
कुणी कधी शिकवलं नव्हतं.

नववी म्हणजे दुसरी खाली.
ॲपवाल्यांना खाली म्हणजे रिकामं घर वाटतं.
तसं नसतं ते.
हात उलटा होतो फक्त.

शेवटी जे घेतलं त्याचं नावही धड आठवत नाही.
कुणीतरी फुकट बनवलेलं, हिरव्या पट्ट्यांचं, कुरूप,
मदतीचं पान अर्धंच लिहिलेलं.
हवी तेवढी घरं पाडता येतात.
लय कमी करता येते, सूर न उतरवता.
सरळ करायचं बटण त्यात नाहीच.
मोनूच्या आईच्या फोनवरसुद्धा मावलं,
एकाही मावशीला धक्का न लावता.

रविवारी चौघांनी आपापला फोन, टॅब, लॅपटॉप
गादीवर मांडला,
एक दोन तीन म्हणून एकदम दाबलं.
सम चार ठिकाणी पडली.
हुमैरा हसून गादीवर आडवी झाली.
काकाही हसले, "अरे भई, मी एवढा नव्हतो कधी."

मग तीन बंद करून एकच ठेवलं.
ओजसने तबला कानाशी नेऊन मिळवला.
काका पेटीला टेकून बसले होते,
उजवा हात मफलरमध्ये,
डावा भाता हलवत होता,
पट्टी एकही दाबलेली नाही,
नुसती हवा, चौदा मात्रांची.

जाताना जिन्यात थांबले, धुक्यात तोंड दिसेना.
"रात्री बंद करतेस ना ते?"
करते, म्हटलं.
"कर. त्यालाही चहाबिहा लागत असेल."