आधी पट्टा

ऑगस्टचा दुसरा रविवार. गॅरेजचं दार वर सरकवलं
तर उंदरांनी हंगाम आधीच सुरू केलेला:
मचाणाच्या उशीतला कापूस बाहेर,
चार पट्ट्यांतला एक कुरतडलेला.
आर्लन म्हणाला, सगळे इकडे आण.
खुर्चीची चाकं रोखून त्यानं ते मांडीवर घेतले
आणि एकेक बोटांतून ओढत राहिला,
शिवणीत राहिलेली सुई शोधावी तसा.
हा फेक. हाही फेक.
हा दिसतो बरा, पण उन्हानं खाल्लाय आतून.
अठ्ठावीस डॉलरला एक मिळतो, मी म्हटलं.
तो माझ्या गुडघ्यांकडे बघत म्हणाला,
यंदा वीस फूट नको. पंधरावर थांब.

आमच्या घरात त्या पडण्याला नाव नाही.
"त्या नोव्हेंबरात" म्हणतो आम्ही,
जसं कुणाच्या लग्नाबद्दल बोलावं.
बर्फ नव्हतं, वारा नव्हता, दारू तर नव्हतीच.
एक कडी होती. ती खिशात होती.

माझे शिकारीचे कपडे सोड्यात धुऊन
दोरीवर, स्वयंपाकघरापासून लांब.
सप्टेंबर उलटेपर्यंत बेकन तळायचं नाही, असा माझा हुकूम.
मर्लिस वहिनी खिडकीतूनच विचारते,
माणसाचा वास गेल्यावर
माणूस ओळखायचा कसा गं?

संध्याकाळी हाल्व्हर्सनच्या मक्याच्या कडेला
आर्लन पिकअपमध्ये, काच खाली, हातात वॉकी-टॉकी.
मी पाठीवर वीस पौंडांचं मचाण
आणि शिडीचे चार तुकडे घेऊन उतारावर,
कानांत डास, मोज्यांना कुसळं.
पाय आपोआप वळत होते, तसे दर वर्षी वळतात,
ओकला लांबून वळसा घालून.
यंदा वळले नाही.

त्याचा पट्टा अजून तिथंच.
सोडवायला कुणी गेलंच नव्हतं.
सालीनं दोन्ही बाजूंनी ओठ मिटत आणलेत,
मध्ये बोटभर हिरवं नायलॉन,
पुढच्या वर्षी तेही दिसणार नाही.
आणि खाली पालापाचोळ्यात
एक खूर नाही, एक लेंडी नाही.
वादळात बासवुड आडवा पडला तेव्हापासून
हरणांनी वाट बदललीय,
चाळीस पावलं खाली, काळ्या चेरीच्या अंगावरून.

वाट सरकलीय, मी वॉकी-टॉकीत म्हटलं.
खरखर. मग: ठाऊक आहे. दोन वर्षं झाली.
कॅमेऱ्यातले फोटो मी रोज रात्री बघतो.
मग बोलला का नाहीस?
तू त्या बाजूला बघतच नव्हतीस.

चेरीपाशी मचाण खाली ठेवलं.
आधी काय? त्याचा आवाज.
आधी पट्टा.
मग?
पट्टाच.
खोडाभोवती दोर, छातीवर कडी, कडीचा टक्क आवाज
मुद्दाम वॉकी-टॉकीजवळ केला.
मग पहिला तुकडा, दुसरा, एका हातानं खोडाला मिठी,
दुसऱ्या हातानं पट्टा ताणत,
गुडघे बडबडत होते, त्यांना बडबडू दिलं.
पंधरा फुटांवर मचाण उघडलं, टाच आपटून बघितली,
पुन्हा आपटली.

डबीत गेल्या वर्षीच्या म्हाताऱ्या जपून ठेवल्यात,
मिल्कवीडच्या, शेंग फुटताना पकडलेल्या.
एक सोडली. ती जरा विचारात पडली,
फांदीशी घुटमळली,
मग पूर्वेला, उतारावरून, मक्याकडे.
कुठे गेली? आर्लननं विचारलं.
तुझ्याकडे.
बराच वेळ काही नाही. नुसती खरखर.
मग म्हणाला, वास येतोय तुझा. सोड्यानं काही झालेलं नाही.
पश्चिमेचा वारा असला की इथं बसू नकोस.
लिहून ठेव.

धनुष्य घरी होतं. तरी दोर खाली सोडून
वर ओढून बघितला, रिकामा.
अंधार मक्यातून वर यायला लागला
तशी मी तुकडा तुकडा करत उतरले.
उतरलीस?
उतरले.
दोन्ही पाय?
दोन्ही.
कडी?
अजून लावलेलीच आहे, मी म्हटलं.
मग कुठे
पिकअप सुरू झाल्याचा आवाज आला.