सहा फूट साडेसात

सुरिगावच्या बाजूला, किनाऱ्यावरच्या गावांत
बास्केटबॉलच्या मैदानावर भात वाळत घालतात.
अर्ध्यात भात,
अर्ध्यात स्लिपर घातलेली पोरं,
आणि चेंडू दाण्यांत गेला
की एक म्हातारी झाडूचा दांडा उगारते.
तिथं मला रेनांते सापडला.

शाळेच्या चौकटीवर त्याच्या कपाळाचा डाग होता.
वय पंधरा.
मी खिशातली टेप काढली मात्र,
तो आपणहून भिंतीला पाठ लावून उभा राहिला,
टाचा जुळवून, हनुवटी वर,
बाजारात दात दाखवायला शिकलेल्या रेड्यासारखा.

सहा फूट साडेसात.
"अजून किती?" आईनं विचारलं.
तिला कापडाचा हिशेब हवा होता.
त्याच्या पँटीला खाली तीन वर्षांच्या तीन पट्ट्या,
प्रत्येकीचा निळा वेगळा.

मनिलाहून फोन येतात : उंच पोरं शोध.
आम्ही बुटके लोक,
आणि जीव जडला तो उंचांच्या खेळावर.

मलाही असंच शोधलं होतं, सत्त्याऐंशी साली.
सहा फूट चार. तेव्हा तेवढाही ताडमाड वाटायचा.
"नेमेसियो, तू बास्केटखाली उभा राहा."
राहिलो. चौदा वर्षं.
वरून येईल तो चेंडू धरायचा
आणि छोट्या पोरांच्या हाती सोपवायचा,
वाढप्यानं ताट ठेवून मागं सरावं तसं.
चीनच्या, कोरियाच्या कोपरांनी
माझ्या बरगड्या तोंडपाठ केल्या.
मग त्यांची उंच माणसं हळूहळू बाहेर सरकली,
लांबून टाकू लागली,
गर्दीतून पास ओवू लागली.
मी खाली उभाच.
आता माझे गुडघे प्रत्येक जिना मोजून घेतात.

म्हणून रेनांतेला मी बास्केट दाखवलीच नाही.
पहिले चार महिने अकरा वर्षांच्या पोरींच्या संघात टाकला.
चेंडू जमिनीवरून त्याच्या कमरेपर्यंत यायच्या आत
त्या तो पळवून पसार.
"वाक," मी म्हणायचो. "अजून वाक."
जन्मभर त्यानं हा शब्द दारादारांत ऐकलेला.
हे वाकणं निराळं,
हे कळायला त्याला पावसाळा लागला.
रात्री हाडं ठणकायची.
आई खोबरेल चोळायची,
आणि बाप पलंगाला पुढून बाक जोडायचा.

दावाओला निवडीचा सामना. दीड मिनिट उरलेलं.
रेनांतेनं चार हातांच्या वरून चेंडू काढला,
वळला,
आणि समोर सगळं मैदान मोकळं.
त्यानं एक टप्पा घेतला. खाली, घोट्याजवळ. सुरेख.
छोटा गार्ड हात पसरून : दे.
गर्दी : दे.
आणि एक तिसरा आवाज, घोगरा, जुना, माझ्या ओळखीचा :
"देऊन टाक त्याला! तू खाली जा!"
मी मागं वळून पाहिलं.
मागं पाण्याचे कॅन होते फक्त.

रेनांतेनं दिला.
दोन गुण झाले. जिंकलो.
निवड समितीनं त्याच्या नावापुढं लिहिलं : सेंटर.

परतीच्या बसमध्ये त्याचे पाय वाटेत पसरलेले,
माणसं ओलांडून जात होती.
"चुकलो," मी म्हटलं.
"कोच, जिंकलो ना आपण?"
त्यानं अंडं सोललं, अर्धं मला दिलं.
देण्याची सवय फार लवकर लागते.

आज सकाळी ऊन चांगलं आहे.
भात दोन्हीकडे पसरलाय,
मधे वीतभर सिमेंट.
रेनांते त्या वाटेनं येतोय,
गुडघ्यांत मोडून, मान वर,
चेंडू जमिनीशी कुजबुजतोय
आणि एक दाणा हलत नाही.
म्हातारी झाडू धरून उभी आहे, उगारलेला नाही.

मी शिट्टी दातांत घट्ट धरलीय.
वाजवायला नाही.
तोंडातून दुसरं काही निघू नये म्हणून.