कोरा पट्टा

उपग्रहाला वारा दिसत नाही.
हे मी दरवर्षी नव्या मुलांना सांगते,
ती वहीत उतरवून घेतात, विश्वास न ठेवता.
आठशे किलोमीटरवरून तो तिरपी लहर सोडतो
आणि पाण्यावर आपटून परत येते तेवढी मोजतो.
पाणी काचेसारखं निवांत असेल
तर ती घसरून पुढे निघून जाते, तिकडचीच होते.
वारा सुटला की पाण्याच्या अंगावर काटा येतो,
दोन बोटं रुंदीच्या बारीक लाटांचा.
त्या काट्याला अडखळून जे माघारी येतं
त्याचा आम्ही वारा करतो.

त्या ऑक्टोबरात मी रजेवर निवतीला होते.
लॅपटॉप मासळी सुकवायच्या ओट्यावर,
कारण रेंज फक्त तिथे.
पहाटेची फेरी सहा-वीसला गेली.
पश्चिमेला चारशे किलोमीटरवर वादळ,
अजून बारसं न झालेलं.
मधले आकडे पावसाने खाल्लेले,
भोवतीचे थोडे सौम्य, ते नेहमीच असतात:
वारा फार चढला की पाणी आणखी खरखरीत होत नाही,
आम्ही भीती जरा कमीच लिहितो.
आणि प्रत्येक चौकोनात बाण चार.
काटा पुढून लागतो तसाच मागूनही लागतो,
वारा येतोय की जातोय, पाणी नीट सांगत नाही.

सगुणकाका खवणेकर मागे येऊन उभे,
गळ्यात टॉवेल, तोंडात काडी.
त्यांचा धाकटा, रोहिदास, रात्रीच बांगड्यामागे गेलेला.
"वारो खंयसून?"
मी चार बाण दाखवले.
"मगे तुझो उपग्रह देवाक कौल लावता?
चार फुलां, पडात ता खरा?"
तसं नाही, म्हटलं. शेजारचे चौकोन बघतो,
सगळ्यांशी जुळेल तो बाण ठेवतो.
"म्हणजे गावात जा चलता, ता."

ओट्यावरून वाळूत उतरले.
मान हळूहळू फिरवत राहिले
दोन्ही कानांत वारा सारखा भरेपर्यंत.
मग वाऱ्याकडे पाठ केली. डावा हात पसरला
खडकावरच्या दिव्याकडे, त्याच्याही पलीकडे.
"थंय आसा ता. वारो दखनेसून."

चारांतला दुसरा.
संगणकाने ठेवलेला बाण उलटा होता,
बरोब्बर उलटा.

पण रोहिदासची होडी त्या नकाशात नव्हतीच.
किनाऱ्याला लागून आमचा एक पट्टा कोरा राहतो.
जमीन मोठ्याने बोलते, पाण्याची शिरशिरी तिच्याखाली बुडते,
म्हणून पंचवीस किलोमीटरपर्यंतचं सगळं आम्ही पुसून टाकतो.
निबंधात त्याला मी एक वाक्य देते.
त्या वाक्यात भोगवे आहे, निवती, खवणे,
बांगड्याचं सगळं पाणी,
आणि काकी, जी सकाळपासून
एकच पातेलं तिसऱ्यांदा घासत होती.

दुपारची फेरी आमच्यावरून गेलीच नाही.
दोन पट्ट्यांच्या फटीत सापडलो.
मी स्क्रीन बंद केला आणि नुसतीच बसले,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
समुद्राकडे काही मोजायचं नसताना.

साडेचारला नाळ दिसली.
जाळं कापून आलेला. अर्ध्या लाखाचं.
काका काही बोलले नाहीत,
दोरीला हात लावला, होडी ओढली.

रात्री पहाटेच्या फाइलीत मी एक ओळ जोडली.
नियमात बसत नाही, कुणीतरी काढून टाकेल.
स्थळ: निवती, ओट्याखालची वाळू.
वेग: मोजला नाही. दिशा: दक्षिण.
उपकरण: कान, दोन.
काकांना वाचून दाखवली.
बराच वेळ विचार केला त्यांनी.
"डावो जरा कमी आयकता," म्हणाले,
"ताय लिव."