जोडवं

साबणाने निघेना, तेलाने निघेना.
चौदा वर्षं त्या बोटाने धरून ठेवलेलं चांदीचं वेढं
शेवटी मीच कापलं, सकाळी सव्वासहाला,
प्लास्टरच्या खोलीतून आणलेल्या पक्कडीने.
हिरकणबाई बघत होती. रडली नाही.
म्हणाली, "सिस्टर, तुकडे टाकू नका. चांदीला भाव आहे."

धरणगावच्या जिनिंगमध्ये उजवा अंगठा गेला
तेव्हा मुकादमाने तो शोधला होता म्हणे,
सरकीच्या ढिगात, दोन तास.
मिळाला, पण परत लावण्यासारखा राहिला नव्हता.
म्हणून आता डाव्या पायाचं दुसरं बोट.
डॉक्टर तडवींनी केसपेपरच्या पाठीवर काढून दाखवलं:
इथून उचलायचं, इथे बसवायचं.
नवरा रावेरकडे केळीच्या बागेत असतो,
तो म्हणाला, "म्हणजे मुनवा काढून लावायचा."
डॉक्टर यावलचे. हसले.
"मुनवा लावून माणूस घरी जाऊन झोपतो, दगाभाऊ.
हे बोट पाच दिवस कुणाला झोपू देणार नाही."

बाहेर पंचेचाळीस. आत एसी बंद,
कारण गारठ्याने नस आकसते.
जळगावचा सगळा मे महिना
आमच्या हिरव्या गाऊनच्या आत.
भिंगाखाली धमनी: भिजलेल्या शेवईएवढी.
दोरा तर दिसतच नाही,
पडला तर शोधू नये, दुसरा उघडावा.
आठ टाके. प्रत्येक टाक्याला डॉक्टर श्वास धरतात,
आणि मीही, मला कुणी सांगितलेलं नसताना.

चिमटा सोडला.
बोट पांढरं.
मी कोमट पाणी सोडत राहिले.
घड्याळाकडे कुणी बघितलं नाही,
म्हणजे सगळ्यांनीच बघितलं.
मग नखाच्या मुळाशी,
पिकायला लागलेल्या बोरावर येतो तसला
एक डाग. पसरला.
जोडव्याच्या जागेचा पट्टा तेवढा
पांढराच राहिला.

दर तासाला नख दाबायचं, सोडायचं, लिहायचं.
चहा बंद. तंबाखू तर वॉर्डच्या दारातसुद्धा बंद,
दगाभाऊ गेटबाहेर लिंबाखाली बसून राहिला, पुडी न उघडता.
तिसऱ्या रात्री बोट जांभळं पडलं.
बरणीतून जळू आणली, लावली.
हिरकणबाई म्हणाली, "तापीत पोहताना
उपटून फेकायचो हिला. आता बिल लावाल का हिचं?"
पाचव्या दिवशी तिने तुकडे मागितले.
मोजून घेतले. दोन.

श्रावणात आली तेव्हा कानबाईच्या रोटांचं काढलं.
"शेजारीण म्हणते, डाव्या हाताने मळ.
पीठाला पाय लागतो ना."
मला उत्तर सुचलं नाही.
मी टाके बघितले, छान भरले होते.
"मग?"
"मग काय. दोन्ही हातांनी मळलं.
कानबाईला सांगितलं, बाई, तूच बघ कुठला पाय अन् कुठला हात."

रेशनचं मशीन मात्र बघत नाही.
तीनदा टेकवला, तीनदा लाल.
दुकानदार म्हणाला, हा अंगठा कुणाचा?
मागे सगळी रांग.
"हाऊ मना शे," ती म्हणाली,
आणि नवऱ्याचा ठसा लावून गहू घेऊन आली.

मज्जातंतू रोज मिलिमीटरभर चालतो.
मनगटापासून निघाला की बोटाच्या टोकाला
दिवाळी उजाडते.
डोळे मिटायला सांगून मी टोचणी टेकवते:
एक टोक की दोन?
"थांबा सिस्टर."
पदराच्या गाठीतून तिने चिमूटभर कापूस काढला.
डोळे मिटलेलेच. चोळत राहिली, हळू,
ते फिकट वेढं चिमटीत वरखाली होत राहिलं.
ओपीडीत गर्दी होती, नंबर पुकारत होते.
बऱ्याच वेळाने तिने माझ्या तळव्यावर
काहीतरी ठेवलं.

सरकी. 
कोमट होती.