शिवणीचा गोळा

मेडिकलमध्ये, एक्स-रेच्या तीन नंबरच्या खोलीत
एकोणीस वर्षं मी एकच वाक्य म्हणते आहे:
हलू नका.

मे महिना. कूलरची खस वाळून काडी झालेली,
पाणी भरणारा पोऱ्या जेवायला गेलेला.
प्रज्योत रंगारी, वय सव्वीस, चितार ओळी,
सिकलचं कार्ड पाकिटात, आधारच्या मागे.
टेबलावर चढताना त्यानं डावा पाय
दोन्ही हातांनी उचलून वर ठेवला,
दुसऱ्याचं सामान ठेवावं तसा.
बेडकासारखे पाय करा, मी म्हटलं.
उजवा झाला. डावा अर्ध्यात थांबला.
तेवढ्यावरच बटण दाबलं.

पेशंटला पडदा दाखवायचा नाही, असा नियम.
डॉक्टर सांगतील.
पण तो दारातून वळला,
"मॅडम, एक डाव पाहू द्या न.
लाकडाचं काम करतो मी. तान्ह्या पोळ्याचे बैल."

खुब्याचे दोन गोळे.
उजवा आपल्या वाटीत नीट बसलेला.
डावा वरून दबलेला, आणि दबल्या जागेखाली
एक बारीक काळी रेघ, वाकलेली.
डॉक्टर तिला चंद्रकोरच म्हणतात.
याच्या रक्तातल्या पेशीही तशाच वाकतात,
अरुंद गल्लीत अडून बसतात,
आणि पलीकडच्या हाडाला कुणी पाणी विचारत नाही.
हे मी बोलले नाही.
तोच म्हणाला, "घुण लागला."
मग जरा थांबून, "नाही. घुण असता त भुसा पडला असता.
हे झाडावरच वाळलं.
फांदी मरते न, अन् साल हिरवीच रायते, तसं."

साल म्हणजे कूर्चा.
कूर्चेला रक्त नसतं, दुखायला नस नसते.
खालचं हाड मरत असतं
आणि ती गुळगुळीत, ओलसर,
पाहुण्यांपुढे चहा ठेवणाऱ्या बाईसारखी.
मग एक दिवस सगळंच खाली बसतं.
माझ्या गुडघ्यातली झिजली,
शिशाचा एप्रन घालून उभं राहून. पण तो वयाचा हिशेब.
याचा कशाचा?

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं,
बैलांना गुडघे करता का हो?
"काहून करू? चाकावर चालते तो.
चार पाय सरळ ठोकाचे. लेकरं ओढतात."

तारीख मिळेमिळेतो तान्हा पोळा येऊन गेला.
रक्ताच्या दोन पिशव्या कमी पडल्या, पुन्हा तारीख.
ऑपरेशनच्या आदल्या दिवशी म्हणे त्यानं
राउंडला आलेल्या डॉक्टरांना विचारलं,
काढलेला गोळा मले भेटन का?
वॉर्डातले हसले.
तो पिवळ्या पिशवीत जातो. वजन होतं, नोंद होते,
गाडी येते, जाळतात.

दिवाळीनंतर आला, एका काठीवर.
पडद्यावर नवा गोळा, पांढराफेक,
इतका गोल की शेजारचं हाड ओशाळलं.
तो त्याच्याकडे फारसा बघितलाच नाही.
खिशातून रुमाल काढला, रुमालातून
शिवणीच्या लाकडाचा गोळा. रंग न दिलेला.
वरून दबलेला, तेवढाच, त्याच जागी.
आणि खाली नखानं ओढावी तशी ती रेघ.
एकदाच पाहिलं होतं त्यानं. मिनिटभर.

"त्यायनं जाळला न. सव्वीस वर्षं माह्यासंगं होता.
आई घरी ठेवू देत नाही.
तुम्ही ठेवा."

ड्रॉवरमध्ये ठेवलाय,
शिशाच्या एल आणि आर अक्षरांजवळ.
एलच्या बाजूला.
दुपारी गर्दी ओसरली की हातात घेते,
माझा अंगठा त्या खळग्यात बरोबर बसतो.

आत्ता कुहीहून आलेली एक मुलगी आहे, अकरा वर्षांची,
बापाच्या खांद्याचा आधार घेत टेबलापर्यंत आली.
हलू नको, मी म्हणते.
ती छताकडे बघत विचारते,
किती वेळ?